चेस सफायर आत्ता घ्यायचं की १ लाखाच्या ऑफरची वाट बघायची?

प्रश्न थोडक्यात असा होता: एडिसन, न्यू जर्सीला भाड्याने राहतो, मी एच वन बी (नोकरीच्या व्हिसा) वर, बायको एच फोर (जोडीदाराच्या व्हिसा) वर, मुलगा पाच वर्षांचा. अमेरिकेत येऊन अडीच वर्षं झाली, क्रेडिट स्कोअर ७५० च्या आसपास, नावावर तीन कार्डं. पुढच्या वर्षी डिसेंबरात पुण्याला जायचंय, त्याआधी एप्रिलमध्ये आई-बाबा इकडे येणार आहेत. चेस बँकेच्या सफायर प्रिफर्ड या क्रेडिट कार्डावर सध्या ७५,००० पॉइंट्सच्या बोनसची (मुदतीत ठरावीक खर्च केला की मिळणाऱ्या) ऑफर दिसतेय, पण मित्र म्हणतो थांब, १ लाख येईल. काय करू? बायकोच्या नावावर काही घेता येईल का? आणि तोच मित्र बिझनेस कार्ड पण घे म्हणतोय, ते कितपत बरोबर?

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो, मग कारणं. आत्ता सप्टेंबर चालू आहे. अप्लाय करा ऑक्टोबरच्या शेवटी नाहीतर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, त्या दिवशी जी ऑफर असेल ती ७५ हजार किंवा वर असेल तर घेऊन टाका, १ लाखासाठी त्याच्या पुढे थांबू नका. तोपर्यंत घसरून ६० वर आली तर मात्र थोडं थांबा, त्याचं खाली सांगतो. बिझनेस कार्डाचं डोक्यातून काढून टाका.

आता का ते. मंडळी ऑफरचा आकडा बघून वेळ ठरवतात आणि तिथेच गाडी चुकते. तुम्हाला पॉइंट्स हवेत कशासाठी, तर डिसेंबरच्या तिकिटासाठी. मग हिशोब तिकिटापासून उलटा करायचा. बहुतेक एअरलाइन्स पॉइंट्सवरच्या सीट्स प्रवासाच्या अकरा-साडेअकरा महिने आधी उघडतात, म्हणजे पुढच्या डिसेंबरच्या मधल्या तारखांच्या सीट्स या जानेवारीच्या आसपास दिसायला लागतील. आणि डिसेंबर म्हणजे अमेरिकेतल्या अख्ख्या देशी जनतेची शाळेची सुट्टी, स्वस्तातल्या सीट्स ज्या थोड्याफार असतात त्या उघडल्या उघडल्या उडतात, नंतर जे उरतं त्याला दुप्पट-तिप्पट माइल्स (एअरलाइनचे पॉइंट्स) मागतात. तर जानेवारीच्या मध्यापर्यंत पॉइंट्स खात्यात पाहिजेत. चेसमध्ये बोनस साधारणपणे ज्या महिन्यात खर्चाची अट पूर्ण झाली त्या महिन्याचं स्टेटमेंट क्लोज झालं की जमा होतो, म्हणजे खर्च डिसेंबरअखेर संपवायचा. त्यासाठी कार्ड नोव्हेंबरच्या सुरुवातीला हातात हवं. एवढं साधं गणित आहे, पण मार्च-एप्रिलमध्ये ऑफर चांगली आहे म्हणून कार्ड घेणारे आणि जुलैमध्ये डिसेंबरची तिकिटं शोधणारे लोक मी दरवर्षी बघतो आणि मग ते म्हणतात पॉइंट्सचा काही उपयोग नसतो.

१ लाखाच्या ऑफरचा इतिहास बघा म्हणजे मित्राचं म्हणणं किती धरायचं ते कळेल. प्रिफर्डवर १ लाख आले होते २०२१ च्या उन्हाळ्यात, तेव्हा तीन महिन्यांत ४,००० डॉलर खर्चाची अट होती. त्यानंतर परत १ लाख कधी आले, तर एप्रिल २०२५ मध्ये, ५,००० डॉलरच्या अटीवर, आणि मेच्या मध्यावर गेले सुद्धा. मधली जवळजवळ चार वर्षं ६०, ७५, ८० हजार असं वरखाली चालू होतं. त्या चार वर्षांत १ लाखाची वाट बघत बसलेल्या माणसाने किती भारतवाऱ्या रोख पैसे देऊन केल्या असतील ते तुम्हीच बघा. ७५ आणि १०० मधला फरक २५,००० पॉइंट्सचा, रोखीत बदलले तर २५० डॉलर, एअरलाइनला ट्रान्सफर करून नीट वापरले तर थोडे जास्त. आणि डिसेंबरचं एक तिकीट सहज दीड-पावणेदोन हजार डॉलरला जातं. २५० साठी पंधराशेवर पाणी सोडायचं का, हा खरा प्रश्न आहे.

अर्थात दुसरी बाजू पण आहे आणि ती सांगितली पाहिजे. पूर्वी सफायरचा बोनस ४८ महिन्यांनी परत मिळवता यायचा, त्यामुळे आज ६० वर घेतलं तरी पुढे संधी असायची. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह, म्हणजे सफायरचंच वरचं महागडं कार्ड, नव्याने आणलं तेव्हा हा ४८ महिन्यांचा नियम गेला आणि त्या जागी, हे कार्ड आधी कधी घेतलं असेल किंवा त्याचा बोनस मिळाला असेल तर पुन्हा मिळेलच असं नाही, अशा अर्थाची भाषा आली. म्हणजे आता ही जवळपास एकदाच खेळायची खेळी झाली आहे. म्हणूनच मी ६० वर घेऊ नका म्हणतो. ६० दिसत असेल तर चेसच्या ब्रँचमध्ये जाऊन विचारा, कधीकधी ब्रँचमध्ये वेगळी ऑफर असते. २०१७ मध्ये रिझर्व्हची १ लाखाची ऑफर ऑनलाइन जानेवारीत संपली तरी ब्रँचमध्ये मार्चपर्यंत चालू होती. आणि ७५ वर घेतलंत आणि महिन्याभरात १ लाख आले तर सिक्युअर मेसेज टाकून विचारायचं की मला पण हीच ऑफर लावा. पूर्वी चेस ९० दिवसांच्या आतल्या लोकांना बरेचदा देत असे, आता देईलच याची खात्री नाही, पण विचारायला काय जातंय.

मोठ्या ऑफर्स येतात कधी याचा काही पंचांगासारखा नियम नाही, पण एक गोष्ट दिसते, कार्ड नवीन येतं किंवा नव्याने मांडलं जातं तेव्हा बँक हात सैल सोडते. रिझर्व्ह ऑगस्ट २०१६ मध्ये १ लाखावर आलं तेव्हा एवढी झुंबड उडाली की चेसकडे कार्ड बनवायचा मेटल संपला आणि लोकांना आधी प्लास्टिकची कार्डं पाठवली. जानेवारी २०१७ मध्ये ऑनलाइन बोनस थेट अर्ध्यावर, ५० हजारावर. कॅपिटल वनचं व्हेंचर एक्स नोव्हेंबर २०२१ मध्ये १ लाखावर आलं, पण अट होती सहा महिन्यांत १०,००० डॉलर. म्हणजे आकडा मोठा दिसला की शेजारची अट वाचायची. तुमच्यासारख्या घरात वर्षाला कार्डावर फिरणारा पैसाच साधारण २०-२५ हजार असेल तर १० हजारांची अट म्हणजे जवळजवळ अर्ध्या वर्षाचा खर्च एका कार्डात अडकला.

आता खर्चाकडे येतो, कारण माझ्या मते वेळ ठरते ती इथेच. अट तीन महिन्यांत ५,००० डॉलर. किराणा, गॅस, फोन, मुलाची डे-केअर कार्ड घेत असेल तर ती, असं सगळं धरून तुमचे दरमहा दीड हजार कार्डावर जात असतील असं समजू, तीन महिन्यांचे साडेचार. तुमच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबर असे दोनच महिने आहेत म्हणजे ३,०००, तर २,००० कमी पडतात. पण आई-बाबांची एप्रिलची तिकिटं कधीतरी काढायचीच आहेत ना, ती नोव्हेंबरात काढा, दोघांची तिकिटं धरली की अट तिथल्या तिथे पूर्ण. त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स, गाडीचा सहा महिन्यांचा प्रीमियम, थँक्सगिव्हिंगची खरेदी हे वरकड. म्हणजे तुम्हाला एक डॉलरही जास्तीचा खर्च करायला लागत नाही, फक्त कार्ड घ्यायची तारीख त्या खर्चाच्या पुढे आणून ठेवायची. याच्या उलट तुम्ही आज उत्साहाच्या भरात अप्लाय केलंत तर सप्टेंबर-ऑक्टोबरचे रिकामे महिने मुदतीतून फुकट जातील.

मुदतीबद्दल दोन बारीक गोष्टी ज्यात लोक फसतात. तीन महिने मोजायचे ते कार्ड टपालात आल्यापासून नाही, अकाउंट उघडल्यापासून म्हणजे अप्रूव्हलच्या दिवसापासून. कार्ड यायला आठवडा-दहा दिवस जातात, चेसला फोन करून लवकर पाठवा म्हटलं तर फुकटात पाठवतात. आणि शेवटच्या दिवशी स्वाइप करून अट पूर्ण झाली असं धरू नका, ट्रान्झॅक्शन पेंडिंग राहिलं किंवा तुम्ही कॉस्टकोला काही परत केलं की बेरीज खाली येते. दहा-पंधरा दिवस आधीच, दोनेकशे डॉलर वर ठेवून संपवायचं.

आणि काय मोजत नाहीत ते: वार्षिक फी, प्रिफर्डची ९५ डॉलर, ती मोजत नाहीत. बॅलन्स ट्रान्सफर (दुसऱ्या कार्डाची बाकी इकडे आणणं) नाही, कॅश अ‍ॅडव्हान्स (कार्डावर रोख उचलणं) नाही. हे कॅश अ‍ॅडव्हान्सचं आपल्या लोकांनी नीट ऐका, कारण बरेच जण डोकं लावतात की गावी पैसे पाठवायचेच आहेत तर रेमिटन्सच्या अ‍ॅपमधून क्रेडिट कार्डाने पाठवू, अट पण पूर्ण होईल. तसं पाठवलेलं बहुतेक वेळा कॅश अ‍ॅडव्हान्स म्हणून धरलं जातं, वर फी लागते, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं आणि बोनसच्या अटीत एक पैसा मोजला जात नाही. पैसे पाठवायचे ते बँक अकाउंटमधूनच पाठवा. तुमच्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर सोनं घ्यायचा विचार असेल तर आधी विचारून घ्या, बऱ्याच ज्वेलर्सकडे कॅशचा भाव वेगळा आणि कार्डाचा वेगळा असतो, तीन टक्के जास्त दिले तर बोनसमधला चांगलाच लचका तिथेच गेला. भाडं पोर्टलवरून कार्डाने भरायची सोय असते, पण अडीच-तीन टक्के फी लावतात. अट पूर्ण व्हायला पाच-सहाशे कमी पडत असतील तर एकदा भरायला हरकत नाही, सवय लावून घेऊ नका. एप्रिलमध्ये ज्यांना टॅक्स भरावा लागतो त्यांना आयआरएसला पण कार्डाने भरता येतो, फी पावणेदोन टक्क्यांच्या आसपास, तो मार्ग मी भाड्याच्या पोर्टलपेक्षा कधीही बरा समजतो. बीएमएमचं (बृहन्महाराष्ट्र मंडळाचं) अधिवेशन असलेल्या वर्षी चौघांचं रजिस्ट्रेशन आणि हॉटेल एवढ्यावर कितीतरी जणांची अर्धी अट निघते, तारखा आधी माहीत असतातच.

एक गोष्ट गृहीत धरतोय की तुम्ही दर महिन्याला पूर्ण बिल भरता. या कार्डांचं व्याज वर्षाला २० टक्क्यांच्या वर असतं. बॅलन्स पुढे ढकलायची वेळ येत असेल तर हे सगळं वाचायचं सोडा, कुठलाच बोनस त्याला पुरणार नाही.

आता पात्रता. तुमची तीन कार्डं, तिन्ही गेल्या २४ महिन्यांतली असतील असं धरतो. चेसचा न छापलेला पण सगळ्यांना माहीत असलेला नियम आहे, ५/२४: गेल्या २४ महिन्यांत कुठल्याही बँकेची मिळून पाच किंवा जास्त पर्सनल कार्डं उघडली असतील तर ते नवीन कार्ड देत नाहीत, स्कोअर ८०० असला तरी. तुम्ही तीनवर आहात म्हणजे दोन जागा शिल्लक. या जागा रोख पैशासारख्या जपायच्या. नोव्हेंबर-डिसेंबरात प्रत्येक दुकानात काउंटरवर विचारतील, आज कार्ड घेतलं तर २० टक्के सूट, जॅकेटवर १५ डॉलर वाचवायला एक जागा घालवू नका, तेही सफायरच्या अर्जाच्या तोंडावर. जुनं कार्ड मोजणीतून कधी बाहेर पडतं, तर २४ महिने पूर्ण झाल्यावर लगेच नाही, पंचविसाव्या महिन्याची १ तारीख उजाडू द्या, म्हणजे १० फेब्रुवारीला उघडलेलं कार्ड दोन वर्षांनी १ मार्चला सुटलं असं धरायचं.

क्रम यातूनच ठरतो, चेस आधी, बाकीचे नंतर. अ‍ॅमेक्सला तुमची किती कार्डं आहेत याचं तेवढं वावडं नाही, कॅपिटल वन तिन्ही ब्युरोंकडून (क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्यांकडून) रिपोर्ट ओढतं म्हणून ते उगीच मध्ये घालायचं नाही. चेसच्या दोन कार्डांत पण निदान तीन महिन्यांचं अंतर ठेवा.

अ‍ॅमेक्सच्या बाबतीत मात्र माझा सल्ला उलटा आहे, तिथे थांबायचं. अ‍ॅमेक्स एका कार्डाचा वेलकम बोनस आयुष्यात एकदाच देतं, आणि ऑफर माणसागणिक, ब्राउझरगणिक बदलते. त्यांच्या गोल्ड कार्डावर पूर्वी साध्या पेजला ६० हजार दिसायचे आणि तेच इनकॉग्निटो विंडोत किंवा दुसऱ्याच्या रेफरल लिंकवर ९० किंवा १ लाख, प्लॅटिनम कार्डाला साध्या पेजवर ८० आणि कुणाकुणाला १५०, १७५. त्यात हल्ली तुमच्यासाठी नक्की किती ते अर्ज भरल्यावर सांगतात आणि तुम्ही कार्ड स्वीकारेपर्यंत हार्ड पुल (रिपोर्टवर नोंद राहणारी तपासणी) करत नाहीत, म्हणजे आकडा पटला नाही तर नको म्हणून बाहेर पडता येतं. शिवाय या दोन कार्डांवर अटीला सहा महिने मिळतात. तर इथे घाई करणारा हरतो. अ‍ॅमेक्सचं कार्ड वर्षाच्या आत बंद केलं तर ते बोनस परत काढून घेऊ शकतात, तेवढं लक्षात ठेवा.

प्लॅटिनमवाल्यांसाठी वर्षअखेरीची एक जुनी युक्ती आहे, तुमच्या कामाची नाही पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला लागेल. त्यावरचं २०० डॉलरचं एअरलाइन फी क्रेडिट कॅलेंडर वर्षाप्रमाणे मिळतं. डिसेंबरात कार्ड घेतलं तर त्या वर्षाचं एक, जानेवारीपासून पुढच्या वर्षाचं दुसरं, आणि दुसऱ्या वर्षाची फी लागायच्या सुमारास तिसरं, एकाच फीमध्ये. चेस रिझर्व्हच्या ३०० डॉलरच्या ट्रॅव्हल क्रेडिटला पण असंच व्हायचं, मे २०१७ नंतर अर्ज केलेल्यांना ते कार्डाच्या वर्षाप्रमाणे केलं आणि ती वाट बंद झाली. साउथवेस्ट एअरलाइनचा कंपॅनियन पास (सोबतच्या माणसाचं तिकीट फुकट) याच जातीचा, एका कॅलेंडर वर्षात १,३५,००० पॉइंट्स झाले की उरलेलं वर्ष आणि पुढचं अख्खं वर्ष मिळतो, म्हणून बोनस डिसेंबरात नाही तर जानेवारीत पडेल असं बघतात. मुंबईला साउथवेस्ट जात नाही, त्यामुळे पुढे चला.

बायकोचा प्रश्न. इथे जास्त पैसा आहे आणि लोक इथेच आळस करतात. एच फोर वर स्वतःची कमाई नाही म्हणून कार्ड मिळणार नाही असा समज आहे, तो चुकीचा आहे. २०१३ मध्ये सीएफपीबीने (ग्राहकांच्या आर्थिक हिताची सरकारी संस्था) नियम बदलला, वय २१ किंवा जास्त असेल तर ज्या उत्पन्नावर तुमचा रास्त हक्क किंवा वापर आहे ते अर्जात दाखवता येतं, म्हणजे तुमचा पगार ज्या जॉइंट अकाउंटमध्ये येतो तो वहिनी घरचं उत्पन्न म्हणून लिहू शकतात. खोटं काही नाही त्यात. एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नसेल तर आयटीआयएनवर (टॅक्स भरण्यासाठी मिळणाऱ्या नंबरवर) अ‍ॅमेक्स आणि कॅपिटल वन अर्ज घेतात; जॉइंट टॅक्स रिटर्न भरताय म्हणजे आयटीआयएन बहुधा असेलच.

पण त्यांची स्वतःची हिस्टरी कोरी असेल तर एकदम सफायर मिळणार नाही, चेसला साधारण वर्षभराची हिस्टरी दिसायला हवी असते. तर या महिन्यात त्यांच्या नावाने बिनफीचं एखादं साधं कार्ड घ्या, त्यावर फक्त फोनचं बिल ऑटोपेवर टाका आणि वर्षभर विसरून जा. तुमच्या एखाद्या जुन्या कार्डावर त्यांना ऑथराइज्ड युजर केलं (तुमच्याच खात्यावर त्यांच्या नावाचं कार्ड) तर हिस्टरी लवकर तयार होते, पण ते कार्ड त्यांच्या ५/२४ मध्ये एक म्हणून धरलं जातं, म्हणून एकावर करा आणि थांबा. नव्या सफायरवर त्यांना ऑथराइज्ड युजर करू नका. त्यांनी पुढच्या शरद ऋतूत स्वतःचं सफायर घ्यायचं, स्वतःचा पूर्ण बोनस. चेस एका घरातल्या दोघांना पॉइंट्स एकमेकांकडे वळवू देतं, त्यामुळे शेवटी सगळे एकाच ठिकाणी येतात. जे नुकतेच भारतातून येतायत आणि तिथे अ‍ॅमेक्सचं कार्ड होतं त्यांनी अ‍ॅमेक्सला तेवढंच सांगून इथलं कार्ड मागावं, तशी सोय त्यांच्याकडे आहे, कोऱ्या पाटीपासून सुरुवात करायला लागत नाही.

रेफरलबद्दल सावध. तुमच्या लिंकवरून बायकोने किंवा मित्राने कार्ड घेतलं तर तुम्हाला पॉइंट्स मिळतात, छान वाटतं, पण खर्च करून मिळालेला साइन-अप बोनस सूट म्हणून धरला जातो आणि रेफरलचे पॉइंट्स उत्पन्न म्हणून, त्याचा १०९९ फॉर्म (मिळालेल्या उत्पन्नाची नोंद) घरी येऊ शकतो आणि ते उत्पन्न टॅक्स रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. एकदा घरातल्या घरात केलं तर जग बुडत नाही, पण एच वन बी वर असताना लिंक वाटत फिरणं मला तरी पटत नाही.

आणि मित्राचं बिझनेस कार्ड. त्याचं लॉजिक कळतं, चेसची बिझनेस कार्डं ५/२४ मध्ये मोजली जात नाहीत आणि बोनस घसघशीत असतात, म्हणून अमेरिकन लोक जुनं फर्निचर विकून सुद्धा सोल प्रोप्रायटर म्हणून अर्ज करतात. ते सिटिझन आहेत, त्यांना चालतं. तुमचा व्हिसा एका एम्प्लॉयरसाठी काम करायचा आहे आणि तुम्ही एका बँकेच्या फॉर्मवर सही करून सांगणार की माझा स्वतःचा धंदा आहे आणि त्यातून एवढं उत्पन्न आहे. खरं असेल तर व्हिसाचा प्रश्न, खोटं असेल तर बँकेशी खोटं बोलल्याचा प्रश्न. ग्रीन कार्ड हातात आल्यावर बघा.

अर्ज करायच्या आधीच्या महिन्याची तयारी सांगतो. बाकीच्या कार्डांचं बिल ड्यू डेटला नाही तर स्टेटमेंट निघायच्या दोन-तीन दिवस आधीच बरंचसं भरून टाका, कारण ब्युरोंना जो बॅलन्स कळवला जातो तो बहुधा स्टेटमेंटच्या दिवसाचा असतो, लिमिटच्या दहा टक्क्यांच्या आत दिसला की स्कोअर आपोआप वर सरकतो. इक्विफॅक्स, एक्सपेरियन, ट्रान्सयुनियन यांपैकी कुठे क्रेडिट फ्रीझ केलेलं असेल, २०१७ मध्ये इक्विफॅक्सचा डेटा फुटल्यापासून बरेच जण करून ठेवतात, तर ते आदल्या दिवशी उघडा, नाहीतर चांगल्या स्कोअरवर उगाच नकार येतो. नकार आलाच तर लगेच दुसरीकडे अर्ज टाकू नका, चेसच्या रीकन्सिडरेशनला (नाकारलेला अर्ज परत तपासणाऱ्या विभागाला) फोन करा, अनेकदा पत्ता किंवा उत्पन्नाची खातरजमा एवढंच हवं असतं. आणि घर घ्यायचा विचार असेल, भाड्याने राहताय म्हणून विचारतो, तर मॉर्गेजचं क्लोजिंग होईपर्यंत एकही नवीन कार्ड नाही, मग ऑफर २ लाखांची का असेना. हार्ड इन्क्वायरी रिपोर्टवर दोन वर्षं दिसते आणि लोन ऑफिसर प्रत्येकीचं स्पष्टीकरण मागतो, अर्धा टक्का जरी व्याज वाढलं तर ३० वर्षं भरत बसाल.

पॉइंट्स आल्यावर काय, ते थोडक्यात, कारण मूळ प्रश्न तो नव्हता. ७५ हजारांचा बोनस आणि खर्चाचे पाचेक हजार मिळून ८० हजार होतील, यात तिघांची डिसेंबरची जाऊन-येऊन तिकिटं बसतील अशी आशा ठेवू नका, सीट चांगली मिळाली तर एकाचं पूर्ण आणि कदाचित अजून एकाची एक बाजू. चेसवरून एअर कॅनडाच्या एरोप्लानला, युनायटेडला, एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लूला पॉइंट्स जातात. एरोप्लानच्या पॉइंट्सवर एअर इंडिया आणि लुफ्तान्झाच्या सीट्स पण काढता येतात आणि ते पार्टनर एअरलाइनचा फ्युएल सरचार्ज लावत नाहीत, म्हणून मुंबईसाठी मी आधी तिथे बघतो. लंडनमार्गे ब्रिटिश एअरवेज किंवा व्हर्जिनवर माइल्स कमी दिसतात पण वरचे टॅक्स आणि सरचार्ज बघून डोळे पांढरे होतात. येतानाची तारीख जाण्याच्या तारखेनंतर दोन-तीन आठवड्यांनी उघडते, म्हणून दोन्ही बाजू वेगवेगळ्या बुक करायची तयारी ठेवा. सीट समोर दिसल्याशिवाय पॉइंट्स ट्रान्सफर करू नका, एकदा गेलेले परत येत नाहीत. तारखेत हलता येत असेल तर १२ डिसेंबरच्या आधी निघा किंवा सरळ २४-२५ ला उडा, मधले दिवस सगळ्यात वाईट. मुलगा तेव्हा किंडरगार्टनमध्ये किंवा फार तर पहिलीत असेल, चार दिवस शाळा बुडाली तर टीचर फार काही म्हणणार नाहीत.

वर्षाने ९५ ची फी परत लागेल तेव्हा कार्ड बंद करू नका, चेसच्याच बिनफीच्या फ्रीडम कार्डावर बदलून घ्या म्हणजे हिस्टरी राहते. मात्र बदलायच्या आधी पॉइंट्स वापरून टाका किंवा वहिनींचं सफायर आलं असेल तर तिकडे वळवा, कारण नुसत्या फ्रीडमवरून एअरलाइनला ट्रान्सफर होत नाही. तुम्ही नोव्हेंबरात घेतलंत आणि त्यांनी पुढच्या ऑक्टोबरात घेतलं तर हे बरोब्बर जुळतं. तोपर्यंत त्यांच्या साध्या कार्डाला पण वर्ष झालेलं असेल, ते मात्र याच महिन्यात घेतलं तरच.